उत्तर यंत्राचे, ताळा आपला

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी गणिताचे उत्तर बरोबर असले तरी ताळा न पाहिलेली वही परत करीत. इंदूरच्या या शाळेतून बाहेर पडल्यावर मी अनेक वर्षे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय केला. आता ते काम कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे, आणि मला त्या परत आलेल्या वहीची आठवण वारंवार होते.

आज्ञावली म्हणजे संगणकाला कामाची प्रत्येक पायरी सांगणाऱ्या सूचनांचा संच. तो लिहिण्याचे श्रम यंत्रावर सोपवण्याची खटपट जुनीच आहे. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमुळे गणिती सूत्रांसारखा मजकूर यंत्रभाषेत उतरू लागला. मात्र ते रूपांतर ठरीव नियमांनी होत असे. २०२१ मधील गिटहब कोपायलट किंवा २०२२ मधील चॅटजीपीटी यांची रीत निराळी आहे. पूर्वी लिहिल्या गेलेल्या असंख्य आज्ञावलींवरून, पुढे काय येणे संभवते याचा ती अदमास बांधतात. म्हणून त्यांचे लेखन बहुधा बरोबर असते. पण त्यातील ‘बहुधा’ नजरेआड करून चालत नाही.

लाभ निःसंशय आहेत. कोपायलटच्या निर्मात्यांच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, छोटे व स्वतंत्र काम साहाय्य घेणाऱ्यांनी सुमारे ५६ टक्के कमी वेळात पुरे केले. याउलट २०२५ साली ‘मेटर’ या संस्थेने १६ अनुभवी आज्ञावलीकारांना त्यांच्या परिचयाच्या, मोठ्या प्रकल्पांवरील कामे दिली. तेथे साहाय्य घेतल्यावर वेळ १९ टक्के अधिक लागला; आणि आपण २० टक्के वेगाने काम केले, अशी त्यांची स्वतःची समजूत होती! छोट्या कामात श्रम लिहिण्याचे असतात. मोठ्या, जुन्या कामात ते समजून घेण्याचे आणि पडताळण्याचे असतात. दोन्ही निष्कर्षांतील अंतर मला यावरून उमगते.

माझाच अनुभव सांगतो. विद्यार्थ्यांची वये काढणारी आज्ञावली मी यंत्राकडून पायथन भाषेत लिहून घेतली. काही मिनिटांत ती तयार झाली. पहिल्या तीस नावांची वये अचूक आली, आणि मी निर्धास्त झालो. पुढे एका मुलीच्या नावाशी ती अडकून बंद पडली. मुलीचा जन्म २९ फेब्रुवारीचा! जन्मतारखेतील केवळ वर्ष बदलून यंत्राने चालू वर्षाचा वाढदिवस काढला होता. पण लीप नसलेल्या वर्षात तो दिवसच नसतो. चूक दाखवताच यंत्राने ती तत्परतेने सुधारली. इतकेच नव्हे, तपासणीसाठी आणखी कोणत्या तारखा घ्याव्यात असे विचारल्यावर मला न सुचलेल्या दोन-तीन तारखाही त्याने सुचवल्या. दोष एवढाच, की तो प्रश्न मी आरंभी विचारला नव्हता.

येथेच विद्यार्थ्यांपुढील खरा धोका आहे. चूक ओळखणारी नजर स्वतः चुका करून, त्या शोधूनच येते. ती परिश्रमाची वर्षे यंत्राने वाचवली, तर यंत्राला तपासणारा माणूस घडणार कोठून? म्हणून माझे विद्यार्थिमित्रांना सांगणे एवढेच : यंत्राची मदत अवश्य घ्या, पण जी ओळ तुम्हांला शेजारच्या मित्राला समजावून सांगता येत नाही, ती आपली म्हणून पुढे पाठवू नका. गुरुजींनी ती वही परतच केली असती.