‘चुकून’ या शब्दापाशी : अमेरिकेतील मुसलमान आणि पूर्वग्रह

पूर्वग्रह मनात असणं आणि भेदभाव हातून घडणं, या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच समजतो. आज अमेरिकेतील मुसलमानांच्या उदाहरणावरून त्या वेगळ्या करून पाहू.

१५ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून चार दिवस झाले होते. ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर झाडं लावत होते. दाढी आणि पगडी पाहून एकाने त्यांना गोळ्या घातल्या. सोढी शीख होते. ‘मुसलमान समजून चुकून मारलं’, असं आपण सहज म्हणून जातो. पण या ‘चुकून’पाशी जरा थांबू या. सोढी मुसलमान असते, तर ती चूक ठरली नसती का? म्हणजे आपल्याही नकळत आपण एक ‘योग्य’ लक्ष्य मान्य करून बसलो! आपले कितीतरी नातेवाईक तिकडे आहेत. ‘आम्ही मुसलमान नाही हो’, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे; पण ते अन्यायाचं उत्तर नव्हे. ते फक्त अन्यायाला शेजारच्या घराचा पत्ता देणं आहे.

आता कायदा काय करतो? १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्मस्वातंत्र्य दिलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घातली. तो कसा चालतो पाहा. एका मुसलमान मुलीने ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीत नोकरीसाठी मुलाखत दिली. तिच्या डोक्याला रुमाल होता, आणि कंपनीच्या पोशाखाच्या नियमात डोकं झाकणं बसत नव्हतं. नोकरी नाकारली गेली. कंपनीचं म्हणणं, तिने धर्माचं कारण सांगितलंच नव्हतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की, धार्मिक प्रथेला सवलत द्यावी लागू नये या हेतूनेच नोकरी नाकारली असेल, तर ‘आम्हाला पक्कं ठाऊक नव्हतं’ ही सबब पुरेशी नाही.

इथे नीट लक्ष द्या. न्यायालयाने मालकाला ‘मुसलमानांवर प्रेम कर’ असं सांगितलं नाही. कायदा हात धरतो. मन धरू शकत नाही.

मग मनाचं काय? प्यू संशोधन केंद्राने अमेरिकनांना विचारलं : ० ते १०० अंशांच्या मापावर निरनिराळ्या धर्मांच्या लोकांबद्दल तुम्हाला किती आपुलकी वाटते? २०१४ मध्ये मुसलमानांना सरासरी ४० अंश मिळाले, २०१७ मध्ये ४८. आणखी एक बाब अशी की, २०१४ मध्ये ज्यांच्या ओळखीचं कुणी मुसलमान होतं, त्यांनी ४९ अंश दिले; ज्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं, त्यांनी ३५. आता ओळखीमुळे आपुलकी वाढली, की आपुलकी असलेलेच ओळख करून घेतात? आकडे एवढ्याने ते सांगत नाहीत. पण एवढं दिसतं की, माणूस माहीत नसतो तेव्हा त्याची जागा एक चित्र घेतं. मेसामध्ये गोळी झाडली गेली ती अशा एका चित्रावर. मेला मात्र जिवंत माणूस.

म्हणून ‘तो मुसलमान नव्हता’ असं म्हणण्याआधी आपण म्हणू या, ‘तो निरपराध होता’. एवढं वाक्य पुरेसं आहे.