आधी पट्टी, मग तार

तंबोऱ्यासाठी तार मागितली, तर जाणता दुकानदार तारेचे पुडके लगेच पुढे करीत नाही. "गाणार कोण? पट्टी कोणती?" असे तो आधी विचारतो. बाईंचा तंबोरा काळी पाचला लागणार की बुवांचा काळी एकला, हे कळल्यावाचून तार कशी द्यावी? मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. तेव्हापासून एवढे शहाणपण आमच्याकडच्या जुन्या घरांत मुरले आहे. तेच शहाणपण रेझोनेटर गिटार नावाच्या परदेशी वाद्यालाही कसे लागू पडते, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम वाद्याची ओळख. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाची कांडी सरकवीत वाजविण्याची रीत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ सालच्या प्रदर्शनानंतर तिने अमेरिकेला वेड लावले. पण मोठ्या वाद्यवृंदात ह्या गिटारीचा आवाज बुडून जाई. तो वाढवावा म्हणून जॉर्ज बीचम नावाचा वादक जॉन डोपेरा ह्या कारागिराकडे गेला. डोपेराने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे शंकू बसविण्याची युक्ती काढली, आणि १९२७ साली तीन शंकूंची धातूची गिटार बाजारात आली. पुढे डोपेरा बंधूंनी एकाच मोठ्या शंकूची गिटार काढून तिला 'डोब्रो' नाव दिले. त्यात 'डोपेरा ब्रदर्स'चा संक्षेप आहे, आणि त्यांच्या स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'चांगले' असाही होतो. सरकत्या पोलादाची ती रीत आपल्याकडेही रुजली. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारीवर राग वाजविले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार संतूर-बासरीच्या बरोबरीने बसली आहे. त्यांचे वाद्य शंकूचे नव्हते, पण मींड तीच.

आता तारांकडे वळू. सतारीचा आवाज भोपळ्यातून आणि तबलीतून येतो; ह्या गिटारीचा येतो शंकूतून. घोडी शंकूवर टेकलेली असते आणि तारांच्या दाबाने शंकू आपल्या कोंदणात बसून राहतो. त्याला डिंक नाही, सरस नाही. तारा फार बारीक असल्या तर दाब अपुरा पडतो, शंकू खरखरतो आणि जड कांडीखाली तार पडद्यांपर्यंत दबते. फार ताणल्या तर तो पातळ पत्रा हळूहळू खचतो. सहाही तारांचा ताण मिळून ऐंशी-नव्वद किलोपर्यंत जाऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पत्र्याची दया येते.

माझ्या भाच्याकडे एका वृद्ध वादकाची अशीच जुनी, एका शंकूची गिटार आली. त्याने परदेशी तारांचे जाड पाकीट मागविले: पहिली तार १६, सहावी ५६. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे, म्हणजे आकडा वाढला की तार जाड. आपल्याकडे पितळी तार जुन्या इंग्रजी गेजने मागतात, तिथे नेमके उलटे. २८ नंबरची तार ३२ नंबरीपेक्षा जाड असते. ज्याला दोन्ही बाजारांत जायचे, त्याने हे विसरू नये.

त्याला गिटार लावावयाची होती अमेरिकन डोब्रोवाल्यांसारखी: सा ग प, सा ग प, सा म्हणजे पांढरी पाच. मी म्हटले, "बाबा, आधी दांडी पाहा." त्या वादकांच्या गिटारीची दांडी चौकोनी आणि भक्कम असते. ह्या गिटारीची होती गोल, साध्या गिटारीसारखी. साध्या गिटारीच्या सहाव्या तारेचा सूर ई. तीच तार जी वर, म्हणजे तीन अर्धस्वर वर चढविली, तर तिचा ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या दांडीने आणि जुन्या शंकूने हे का सोसावे?

पाकीट मात्र परत करावे लागले नाही. आम्ही प सा, प सा, ग प अशी लावणी केली. वरच्या चार तारांचे सूर दोन्ही लावण्यांत तेच राहतात; फरक पडतो तो सहाव्या आणि पाचव्या तारेत. सहावी सा ऐवजी खालच्या प वर आली आणि तिचा ताण निम्म्याहून थोडाच अधिक उरला. पाचवी ग वरून सा वर उतरली. एकही तार साध्या गिटारीच्या सुराहून वर चढली नाही, आणि जाड तारांमुळे शंकूवर पुरेसा दाबही राहिला.

पुढे त्याला मालकंस वाजवावासा वाटला. मालकंसात पंचम नाही आणि शुद्ध गंधारही नाही. तेव्हा उघड्या तारांतले ग आणि प दोन्ही हलवावे लागतात. पहिली तार प वरून म वर उतरविली की ती सैल पडते, ताण पाचव्या हिश्शाने घटतो. तो परत मिळविण्यासाठी १६ च्या जागी १८ ची तार हवी. तंबोऱ्याची पट्टी उतरली की तार जाड घ्यावी, हाच तो नियम.

धातूचाही विचार हवा. कांशाच्या गुंडाळीची तार उजळ बोलते, निकेलची मऊ. गुंडाळलेल्या तारेवरून कांडी सरकताना जी सरसर ऐकू येते, ती मींडेला बोचते. ज्यांना ती नको, त्यांनी चपट्या किंवा घासून गुळगुळीत केलेल्या गुंडाळीच्या तारा घ्याव्यात. आमच्याकडच्या पावसाळ्यात पोलाद लवकर गंजते. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात.

शेवटची गोष्ट तारा बदलण्याची. सगळ्या तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी नवी चढवून सुरात आणावी आणि मगच दुसरीला हात लावावा. सर्व दाब एकाच वेळी गेला, तर शंकू आणि घोडी जागची हलतात, आणि जुन्या वाद्याचा शंकू पुन्हा नीट बसेलच असे नाही. वेळ थोडा जास्त लागतो. पण भाचा आता हे काम रविवारी सकाळी चहा झाल्यावर करतो, आणि मला हाक न मारता करतो.