गाडीच्या रिमोटमधला बिघाड

किल्लीतल्या रिमोटचे बटण दाबले की आतल्या चिमुकल्या सर्किटातून एक सांकेतिक रेडिओ संदेश निघतो. गाडीतला रिसीव्हर तो ओळखतो आणि दारांची कुलुपे उघडतो किंवा लावतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत हा संदेश 433.92 मेगाहर्ट्‌झवर जातो, तर अमेरिका आणि जपानमध्ये 315 मेगाहर्ट्‌झ अधिक प्रचलित आहे. पाते असलेल्या किल्लीत याखेरीज दुसरी एक व्यवस्था असते. इंजिन सुरू होण्यासाठी लागणारी इमोबिलायझरची चिप सेलवर चालत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून मिळणाऱ्या अल्पशा ऊर्जेवरच ती जागी होते. म्हणूनच रिमोट पूर्ण बंद पडला, तरी किल्ली फिरवून गाडी सुरू होते. पुश-बटण गाड्यांमध्येही सेल संपलेली किल्ली स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करण्याची सोय असते, आणि दार उघडण्यासाठी तिच्या पोटात एक साधे पाते लपवलेले असते.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न असा, की दोष किल्लीत आहे की गाडीत? उत्तर दुसऱ्या किल्लीकडून मिळते. तीही चालत नसेल तर फ्यूज, गाडीची बॅटरी किंवा रिसीव्हर तपासावा, रिमोट उघडण्यात अर्थ नाही. दुसरी किल्ली नीट चालत असेल, तर पहिलीचे काम बहुतेक वेळा घरी होण्यासारखे असते. रिमोटमध्ये आधी थकतात ते दाबले जाणारे आणि घासले जाणारे भाग, म्हणजे सेल, त्याच्या पट्ट्या आणि बटणे. चिप क्वचितच बिघडते. तरीही अनेकदा पहिला सल्ला नवी किल्ली घेण्याचाच मिळतो, आणि नवी किल्ली गाडीशी जुळवून घेण्याचा खर्च हजारो रुपयांत जातो.

सुरुवात सेलपासून करावी. त्याच्यावरचा आकडाच त्याचे माप सांगतो. सीआर 2032 म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचा आणि 3.2 मिलिमीटर जाडीचा, सीआर 2025 तितक्याच व्यासाचा पण 2.5 मिलिमीटर जाडीचा, तर सीआर 1620 याहून लहान. बसतो म्हणून पातळ सेल घातला, तर पट्टीची पकड सैल राहते आणि रिमोट मधूनच बंद पडतो. मल्टिमीटरवर नवा सेल 3 व्होल्टच्या थोडा वर दिसतो. मात्र जुना सेलही नुसता मोजला तर चांगला भासू शकतो, म्हणून शक्य असेल तर बटण दाबून धरून मोजावे. त्या क्षणी व्होल्टेज बरेच खाली आले, तर सेल बदलायला झाला आहे. गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच रिमोट चालणे हेही त्याचेच लक्षण.

नवा सेल घालूनही रिमोट चालला नाही, तर पट्ट्या पाहाव्यात. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. तो खोडरबराने हळुवार घासून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. दबलेली पट्टी टोकदार चिमट्याने किंचित उचलली की पकड परत येते.

सर्वाधिक दोष बटणांत असतो. काही रिमोटमध्ये रबराच्या पॅडखाली कार्बनची टिकली असते. ती आणि खालची तांब्याची जागा अल्कोहोलने स्वच्छ केली की अनेकदा काम भागते. पण बहुतेक किल्ल्यांत सर्किटावरच ‘टक्‌’ असा आवाज करणारा छोटा टॅक्ट स्विच बसवलेला असतो. सेल काढून मल्टिमीटरने स्विच तपासावा. न दाबता जोडणी दिसू नये आणि दाबल्यावर रोध जवळजवळ शून्य व्हावा. आकडा शेकडो ओहमवर अडकला किंवा डळमळला, तर स्विच झिजला आहे. न दाबताच जोडणी दिसली, तर तोच स्विच सेल गुपचूप संपवत असतो. दाब पडून स्विचचे पाय सर्किटावरून सुटलेले असणे हाही नेहमीचा प्रकार. कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. भिंगाखाली पायाभोवती बारीक काळी रेघ दिसते. तिथे थोडा फ्लक्स लावून, सोल्डरिंग आयर्नने पुन्हा डाख दिला की जोड पक्का होतो. टोक बारीक असावे, तापमान साधारण 350 अंश सेल्सियसपर्यंत, आणि एका पायावर दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ नको, नाहीतर तांब्याचा पट्टा उखडतो. नवा स्विच घेताना जुन्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून न्यावी, कारण उंचीत थोडा फरक असला तरी वरचे बटण अडकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत असे सुटे भाग मिळतात.

किल्ली पडल्यानंतरचा बिघाड वेगळा. रिमोटचा दिवा लागतो, पण गाडी दाद देत नाही. दिवा लागणे म्हणजे संदेश निघाला असे नव्हे. कंपनसंख्या ठरवणारा क्रिस्टल किंवा रेझोनेटर धक्क्याने फुटलेला असू शकतो. चावीवाल्याकडे फ्रिक्वेन्सी मोजणारे छोटे यंत्र असते, त्यावर क्षणात निकाल लागतो. किल्ली पाण्यात पडली, तर ताबडतोब सेल काढावा, सर्किट अल्कोहोलने धुवावे आणि पूर्ण सुकू द्यावे. तांदळात पुरून ठेवल्याने आतली ओल आणि क्षार निघत नाहीत.

कधी दोष कशातच नसतो, फक्त जुळणी तुटलेली असते. आधुनिक रिमोट प्रत्येक दाबणीला नवा संकेत पाठवतो, म्हणजे चोराने पकडलेला जुना संकेत निरुपयोगी ठरतो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या कीलॉक पद्धतीत रिसीव्हर पुढचे 16 संकेत सरळ स्वीकारतो. मुलांनी खेळताना बटण त्याहून जास्त वेळा दाबले असेल, तर गाडीजवळ लागोपाठ दोनदा दाबले की जुळणी परत होते. इतर पद्धतींत कृती निराळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

तडकलेले कवच बदलताना इमोबिलायझरची चिप विसरली जाते, आणि ही चूक फार महाग पडते. काही किल्ल्यांत ती सर्किटावरच असते. इतरांत तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा काळा किंवा काचेचा तुकडा जुन्या कवचाच्या कोपऱ्यात चिकटलेला असतो. तो नव्यात नेला नाही, तर दार उघडेल पण इंजिन सुरू होणार नाही. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावूनच तो टाकावा, आणि मुलाने सेल गिळल्याचा संशय आला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कवच बंद करण्याआधी रिमोट तपासावा, तोही गाडीची काच खाली करून आणि दुसरी किल्ली गाडीबाहेर ठेवून.