टॉरिनमधला बैल कुठला?

एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ‘टॉरिन’ वाचलं की कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, की हे बैलाच्या वीर्यातून काढतात. तसं काही नाही. पेयांतलं टॉरिन कारखान्यात रासायनिक क्रियेने तयार होतं. अफवेतला बैल मात्र उगाच आलेला नाही.

१८२७ साली जर्मनीत फ्रीड्रिख टीडेमान आणि लेओपोल्ड ग्मेलिन पचनक्रियेचा अभ्यास करत होते. त्यांना बैलाच्या पित्तात हा स्फटिकासारखा पदार्थ सापडला. पुढे लॅटिन ‘टॉरस’, म्हणजे बैल, यावरून त्याचं नाव पडलं. याच शब्दाचं ग्रीक भावंड आपल्याकडे फार आधी येऊन गेलं होतं: सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त वृषभ राशीला ‘तावुरि’ म्हटलं आहे.

पशुशास्त्रात ‘टॉरस’वरून आलेलं विशेषण जरा काटेकोर आहे. तिथे ‘टॉराइन’ म्हणजे जर्सी, होल्स्टीनसारखी बिनवशिंडाची गुरं, बॉस टॉरस. आपली खिलार, देवणी, डांगी ही वशिंडाची गुरं बॉस इंडिकसच्या वंशातली. दोन्ही वेगवेगळ्या प्रदेशांत माणसाळली. तेव्हा शब्दाला धरून चाललं तर पोळ्याला सजणारा खिलार बैल ‘टॉराइन’ नव्हेच! टॉरिन मात्र त्याच्याही पित्तात असतं.

तसं ते माणसाच्या हृदयात, स्नायूंत आणि डोळ्यांतही असतं. रेणूत गंधक आहे, पण इतर अमिनो आम्लांसारखं ते प्रथिनांच्या साखळीत गुंफलं जात नाही. पेशींत मोकळंच राहतं. तिसऱ्या, कालवं यांत ते भरपूर, धान्य-भाजीत जवळजवळ नाही. तरी शाकाहारी माणसाचं अडत नाही, कारण आपलं शरीर ते स्वतः बनवतं. पेयातून मिळणारी तरतरी मुख्यतः कॅफीनची. श्रेय टॉरिन खातं.

खरी अडचण मांजराची. त्याला पुरेसं टॉरिन बनवता येत नाही आणि पित्तासाठी तर ते सतत खर्च होतं. आहारात टॉरिन नसेल तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली दिसून आलं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवलं, की मांजरांचं हृदय फुगून दुबळं होतं तेही याच्याच अभावी, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं. त्यानंतर विकतच्या खाद्यात त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. नुसत्या दूधभातावर मांजर पाळणाऱ्या घरांनी निदान त्याच्या उंदरांच्या शिकारीला तरी नावं ठेवू नयेत.