सरकारी अनुदान : दान नव्हे, पगारहि नव्हे

गेल्या दिवाळींत आमच्या वाशीमच्या घरीं फराळाच्या वेळीं एक प्रश्न निघाला. आमच्या थोरल्या बंधूंची नात एका विद्यापीठांतील संशोधन-प्रकल्पावर काम करिते. तिला दरमहा ३७,००० रुपये मिळावयाचे आहेत हें ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे पोर सरकारी नोकरीला लागली म्हणायची!" मुलीनें हसून नाहीं म्हटलें. "मग सरकारनें धर्म म्हणून दिले काय?" त्यालाहि तिनें नाहींच म्हटलें. नोकरी नव्हे, धर्महि नव्हे, तर मग हें आहे तरी काय, याचें उत्तर घरांतील बारा माणसांपैकीं कोणासहि देतां येईना. आम्हांसहि नाहीं, आणि आम्हीं तर सारा जन्म शाळेंत मुलांच्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यांत घालविला! तेव्हां नातीकडून व इतर जाणत्यांकडून जें समजावून घेतलें, तें येथें देत आहों.

अनुदानाची कल्पना या भूमीस नवी नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं येथेंच सांपडलेल्या ताम्रपटांत दुसऱ्या विंध्यशक्तीनें नांदेडकडील एक गांव ब्राह्मणांस दिल्याचें नमूद आहे. त्यांत पूर्वजांची नामावळी संस्कृतांत असून व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे, म्हणजे ज्यांना तो पाळावयाचा त्यांना कळावा अशा भाषेंत. (हल्लींचीं सरकारी पत्रें लिहिणारांनीं याचा विचार करावा.) अमरावती जिल्ह्यांतील चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट तर याहून बोलका आहे. तें दान अटींवर दिलेलें आहे: राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये, अटी मोडल्यास दान परत घेणाऱ्या राजास चोरीचा दोष लागणार नाहीं. आणि राजानेंहि स्वतःस बांधून घेतलें आहे. त्या गांवांत त्याचे शिपाई शिरणार नाहींत, कर मागितला जाणार नाहीं. बंधन दोहों बाजूंस आहे.

आजच्या अनुदानाचा सांगाडा असाच आहे. फरक इतकाच कीं गांवाऐवजीं रोकड असते, आणि वंशपरंपरेऐवजीं बहुधा तीन वर्षांची मुदत. येथें पैसा माणसाला नव्हे, त्याच्या प्रश्नाला मिळतो. प्रश्न रोगाचा असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे जावें लागतें. ही संस्था १९११ सालीं दुसऱ्या नांवानें निघाली व १९४९ सालीं तिला आजचें नांव मिळालें. इतर शास्त्रांसाठीं २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालें. त्या वेळीं पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपये असा आंकडा गाजला. परंतु त्यांतील मोठा वाटा सरकारी तिजोरींतून नव्हे, तर उद्योगधंदे व दाते यांच्याकडून यावयाचा होता, हें मथळे वाचून आनंदणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

अर्जांत काय शोधावयाचें, कसें, किती दिवसांत व किती खर्चांत, हें सर्व लिहावें लागतें. त्याच विषयांतील अन्य जाणते तें तपासतात. मंजुरी मिळाली तरी पैसे माणसाच्या हातीं पडत नाहींत. ते संस्थेकडे येतात, आणि तेहि हप्त्यांनीं. उपकरणें, मदतनीसांचें वेतन, रसायनें, प्रवास असे खाते पाडलेले असतात. उपकरणांचा पैसा प्रवासावर घालतां येत नाहीं. वर्षअखेर 'उपयोगिता प्रमाणपत्र' धाडावें लागतें. शिल्लक राहिली तर परत करावयाची, आणि तिच्यावर व्याज जमलें असेल तर तेंहि सरकारचें.

आमच्या नातीचें दुखणें येथेंच होतें. तिच्या संस्थेच्या कचेरींतून प्रमाणपत्र उशिरां गेलें, म्हणून पुढील हप्ता अडला, आणि मुलीनें सात महिने वडिलांच्या पैशावर काढले. प्रयोग थांबवितां येत नव्हता; वाढविलेल्या पेशी कांहीं हप्त्याची वाट पाहत बसत नाहींत. आमच्या घरीं चार मिळवते हात आहेत म्हणून निभावलें. एकट्या कमावत्याच्या घरची मुलगी असती तर तिनें संशोधन सोडून शिकवण्या धरल्या असत्या, व तिला कोणी दोष दिला नसता. हिशेब मागणें योग्यच आहे. पण हिशेबाच्या दिरंगाईचा दंड जिनें दिरंगाई केली नाहीं तिनें भरावा, हें प्रवरसेनासहि रुचलें नसतें.

एवढा खटाटोप करून हातीं येतें काय? गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत एक प्रयोग केला. गांवांतील बायांसच नवजात बालकाचें वजन घेणें, श्वास मोजणें, त्यास उबेंत ठेवणें, जंतुदोष ओळखून औषध देणें हें सर्व शिकविलें. पूर्वीं तेथें हजार जन्मांमागें ६२ बालकें पहिल्या महिन्यांत दगावत. तिसऱ्या वर्षीं तो आंकडा २५ च्या आसपास आला. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. परंतु एका जिल्ह्याचें उत्तर साऱ्या देशास लागू पडेलच असें नाहीं. म्हणून वैद्यकीय संशोधन परिषदेनें उत्तरेकडील व पूर्वेकडील राज्यें धरून पांच राज्यांत तीच पद्धति पारखून पाहिली, आणि २०११ पासून ती देशभर 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामांत आली. आमच्या जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत आमचें शेत करणाऱ्याच्या सुनेकडे आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं येऊन गेल्या. त्यांच्या पिशवींतला तो वजनकांटा कोठून आला, हें त्या घरांत कोणास ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याची गरजहि नाहीं.

ऑक्टोबर २०२४ मध्यें राज्यांत दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत वाशीम होतें. तेव्हां आज ना उद्यां आपल्याच दवाखान्यांत कोणी तरुण डॉक्टर रक्ताचा नमुना मागेल व संमतिपत्र पुढें करील. तें मराठींत असावें, समजेपर्यंत विचारावें, आणि नकार दिला तरी उपचारांत उणें पडतां कामा नये, असा नियम आहे. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंति आहे: सुनेच्या रक्ताची संमति सुनेनेंच द्यावी, तिच्या वतीनें सासऱ्यानें सही ठोकूं नये. आम्हीं स्वतः तसें एकदां करावयास निघालों होतों, तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं कागद हळूच आमच्या हातून काढून घेतला.

हें सारें ऐकवून झाल्यावर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "ह्या वर्षीचं तें प्रमाणपत्र गेलं का गं वेळेवर?"

"गेलं आजी. पोंच घेऊन ठेवली आहे."