बोलायचे कोणी?

आपली बरीच मुलेमुली आता संगणक कंपन्यांत कामाला आहेत. तिथे कामे का रखडतात, हे समजायला अमेरिकेचे एक उदाहरण आम्ही देतो.

1 ऑक्टोबर 2013 रोजी तिथल्या सरकारने आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी संकेतस्थळ सुरू केले. विमा नसलेल्या सामान्य कुटुंबांची सोय व्हावी, हा हेतू. पहिल्या दिवशी नोंदणी झाली अवघ्या 6 जणांची! पैसा अमाप होता, ठेकेदार डझनावारी होते. परंतु सगळ्यांची कामे एकत्र जुळतात की नाही, हे पाहणारा एक जबाबदार माणूस नव्हता. पुरती चाचणी न घेताच तारीख गाठली गेली.

मग गूगलचे अभियंते मायकी डिकर्सन मदतीला गेले. रोज दोनदा बैठक सुरू झाली. नियम तीनच. दोषारोप बाहेर करावेत, इथे फक्त दुरुस्ती. येत्या एक-दोन दिवसांत जे अडणार, तेच आधी. आणि ज्याला विषय कळतो त्याने बोलावे, मोठ्या हुद्देवाल्याने नव्हे.

हा शेवटचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. जन्माने मोठा तोच शहाणा, हा जाच आपल्याइतका कोणी भोगला? तरी आपल्या जयंती कमिटीत वायरिंग करणाऱ्या पोराला कोणी विचारीत नाही, अध्यक्षच तासभर बोलतात! असो.

डिसेंबरात संकेतस्थळ बऱ्यापैकी चालू लागले. 2014 च्या एप्रिलपर्यंत, राज्यांची संकेतस्थळे धरून, सुमारे 80 लाख लोकांनी विमा निवडला होता.