पडद्यावरचा दुष्काळ, पाटावरचं भांडण

गेल्या दीड-दोन दशकांत मराठी पडद्यावर आणि रंगमंचावर दुष्काळ बराच दिसला. पण त्यात कोरडं आभाळ जास्त, पाण्यावरून समोरासमोर ठाकलेली माणसं मोजकी. नगर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हे बोचतं. घाटघर-रतनवाडीला पाऊस अक्षरशः कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातलं पाथर्डी-जामखेड उन्हाळ्यात टँकरवर जगतं. इथलं भांडण आभाळाशी कमी, माणसांशी जास्त.

२००९ च्या सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये विदर्भातला शेतकरी पावसाशीच झुंजत होता. २०१५ मध्ये ‘ख्वाडा’ चित्रपटगृहांत आला आणि पारडं फिरलं. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची जमीन विकून तो केला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. जमीन वनखात्याकडे गेलेला त्यातला रघू मेंढरं घेऊन गावोगाव फिरतो आणि कोर्टाची तारीख चुकवत नाही. शशांक शेंडे यांनी तो असा उभा केलाय की चालण्यातूनच त्याचा हट्ट कळावा. मेंढरांचा वाडा कुठे टाकायचा, हे मात्र गावच्या सरपंचाच्या मर्जीवर. ‘ख्वाडा’ची ओळख पाण्याचा सिनेमा अशी नाही. तरी कोरड्या मुलखात चाऱ्या-पाण्यावर हक्क कुणाचा, हे इतकं उघड दुसऱ्या कुणी मांडल्याचं मला आठवत नाही.

नाशिकच्या दत्ता पाटील-सचिन शिंदे यांच्या ‘हंडाभर चांदण्या’ने टँकरची वाट पाहणारं गाव रंगमंचावर आणलं. २०२४ मध्ये आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ आला. गावात पाणी नाही म्हणून लग्न अडलेला नांदेडकडचा तरुण अख्खं गाव कामाला लावतो. चित्रपट प्रामाणिक आहे, पण त्यात पाणी अडवायचं आहे, वाटून घ्यायचं नाही.

वाटणीचा प्रश्न नगरला रोजचा. खाली पैठणच्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असला, की वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते. मग भंडारदरा, निळवंडे, मुळेचे दरवाजे उघडतात, नदीकाठच्या पंपांची वीज तोडतात, मोर्चे निघतात. आपलं पाटपाण्याचं आवर्तन लांबणार म्हणून प्रवरेकाठचा ऊसवाला चिडतो; पैठणचा शेतकरी वर्षभराचं पाणी मागतो. दोघंही खरे. नाटकाला याहून मोठा संघर्ष कुठला? या दोघांना एकाच रंगमंचावर, कुणालाही खलनायक न करता, बोलतं करणारा लेखक मला हवा आहे. तो नगरचाच असावा.